नकारानंतरची मुलाखत

(संस्थेच्या वार्षिक स्नेहसंमेलनात झालेले भाषण)



आजच्या समारंभात गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार झाला, ज्येष्ठांचा गौरव झाला. अशा मंगल वातावरणात परदेशी वकिलातीतील कागदपत्रांवर बोलण्याची कामगिरी आमच्यावर सोपविण्यात आली आहे. विषय रूक्ष खरा; परंतु ज्या घरात लग्न होऊन दोन-दोन वर्षे लोटली तरी लेक माहेरीच आहे आणि जावई समुद्रापलीकडे आहे, त्या घरास तो रूक्ष वाटत नाही. अशी घरे आपल्या ज्ञातीत आता थोडीथोडकी राहिलेली नाहीत. दांपत्यापैकी एकजण अमेरिकेचा नागरिक, दुसरा येथे; व्हिसा एकदा नाकारला गेलेला; आणि आता पुन्हा मुलाखतीस उभे राहावयाचे. अशांनी काय तयारी करावी, एवढ्यापुरतेच आम्ही बोलणार आहोत. इतर देशांचे कायदे निराळे आहेत, त्यांत आम्ही शिरत नाही.

प्रथम आपल्यातील एका समजुतीचा समाचार घेतला पाहिजे. व्हिसा नाकारला गेला की घरात तो कलंक मानला जातो. बाहेर कोणास सांगावयाचे नाही, विचारले तर ‘अजून तारीख मिळाली नाही’ म्हणावयाचे. काही ठिकाणी तर नव्या सुनेच्या पायगुणापर्यंत गोष्ट जाते. ज्या मुलीने अर्जातील एक अक्षरही स्वतः लिहिलेले नाही, तिच्या माथी हा दोष मारणे आम्हांस अत्यंत अनुचित वाटते. शिवाय या लपवाछपवीचा एक व्यावहारिक तोटा आहे. नकाराचे पत्र कपाटात दडपले जाते, आणि त्यावर नेमके काय लिहिले आहे हे कोणी वाचतच नाही. वास्तविक पुढील सारी तयारी त्या पत्रातील कलमावरून ठरावयाची असते.

पुष्कळदा हा पहिला नकार पर्यटक म्हणून केलेल्या अर्जास मिळालेला असतो, आणि पत्रावर कलम २१४ (बी) असते. अमेरिकेच्या १९५२ च्या कायद्यातील हे कलम असे गृहीत धरते, की तात्पुरता म्हणून येणारा मनुष्य कायमचा राहण्यासच येत आहे. तसे नाही हे सिद्ध करण्याचा भार अर्जदारावर आहे. आता जिचा पती तेथेच स्थायिक आहे, ती नवपरिणीत वधू ‘मी महिन्याभरात परत येईन’ हे कोणत्या पुराव्याने सिद्ध करणार? तिला नकार मिळाला यात नवल नाही. परंतु तीच मुलगी पत्नी या नात्याने कायम वास्तव्याचा व्हिसा मागते, तेव्हा हा प्रश्नच गळून पडतो. कारण आपण राहावयास जात आहोत हे ती उघडच सांगत असते. तो जुना नकार नव्या अर्जाच्या आड येत नाही. आड येऊ शकते ते त्या जुन्या अर्जात लिहिलेले मजकूर. त्याकडे आम्ही पुढे वळू.

दुसरा नकार कलम २२१ (जी) चा. हा नावाने नकार असला तरी स्वरूपाने अपुरेपणाची नोंद आहे. एखादा कागद कमी असतो किंवा काही चौकशी व्हावयाची असते. हाती चिठ्ठी मिळते, तीत काय हवे ते लिहिलेले असते. मागितलेले कागद एका वर्षाच्या आत द्यावयाचे असतात. वर्ष उलटले तर नवा अर्ज, नवे शुल्क. या चिठ्ठीस घाबरून हातपाय गाळणारी माणसे आम्ही पाहिली आहेत, आणि तिच्याकडे दुर्लक्ष करून वर्ष घालविणारीही पाहिली आहेत.

तिसरा प्रकार मात्र गंभीर आहे. विवाहच खरा नाही, केवळ व्हिसासाठी घडवून आणला आहे, असा संशय अधिकाऱ्यास आला तर तो तेथील नागरिक जोडीदाराने दाखल केलेली आय-१३० ही मूळ याचिका अमेरिकेतील आगमन खात्याकडे परत पाठवितो. ते खाते मान्यता रद्द करण्याच्या हेतूची नोटीस काढू शकते. अशी नोटीस आली की उत्तर मुदतीत आणि मुद्देसूद गेले पाहिजे. कारण विवाह बनावट होता असा निष्कर्ष एकदा नोंदला गेला, की त्या व्यक्तीसाठी पुढे कोणीही केलेली याचिका कलम २०४ (सी) नुसार मंजूर होत नाही. मागाहून झालेला खराखुरा विवाहही मग उपयोगी पडत नाही. येथे घरच्या शहाण्यांनी सल्ला देऊ नये, त्या कायद्याचा जाणकार वकील गाठावा.

आता ज्या प्रकरणावर आम्हांस अधिक वेळ घ्यावयाचा आहे, त्याकडे येतो. आपल्याकडे अलीकडे एक रीत पडली आहे. मुलगा आठ-दहा दिवसांच्या रजेवर येतो, पसंती होते, कागदपत्रे लवकर सुरू व्हावीत म्हणून नोंदणी पद्धतीने विवाह उरकला जातो, आणि देवक, सप्तपदी, जेवणावळी पुढच्या वर्षीच्या मुहूर्तावर ठेवल्या जातात. मधल्या काळात सगेसोयरे त्या मुलीस ‘वाङ्‌निश्चय झालेली’ असेच समजतात. कायद्याच्या दृष्टीने मात्र ती विवाहित असते. आमच्या पाहण्यातील एका कुटुंबात याच मधल्या वर्षी मुलीसाठी पर्यटक व्हिसाचा अर्ज करण्यात आला. अर्ज भरणाऱ्या एजंटाने घरच्यांस विचारले, घरच्यांनी लग्न मार्गशीर्षात आहे असे सांगितले, आणि अर्जात ‘अविवाहित’ अशी नोंद झाली. व्हिसा मिळाला नाही. पुढे पतीने याचिका केली, तीत विवाहाची तारीख अर्थातच नोंदणीची; म्हणजे त्या ‘अविवाहित’ अर्जाच्या पाच महिने आधीची.

हे दोन्ही कागद अधिकाऱ्याच्या पडद्यावर शेजारी शेजारी दिसतात. जाणूनबुजून महत्त्वाची खोटी माहिती देऊन व्हिसा मिळविणे किंवा मिळविण्याचा प्रयत्न करणे यास कलम २१२ (ए) (६) (सी) लागू होते, आणि त्याची शिक्षा आजन्म प्रवेशबंदी ही आहे. सवलत मागता येते. पण त्यासाठी आय-६०१ हा वेगळा अर्ज, आणि नागरिक जोडीदारास वा पात्र मातापित्यांस अतिशय कष्ट सोसावे लागतील याचा पुरावा, एवढे दिव्य करावे लागते.

त्या कुटुंबात काय करावे यावर बराच खल झाला. एका काकांचे म्हणणे, जुन्या अर्जाचा उल्लेखच करू नये. हा सल्ला किती घातक होता हे सांगावयास हवे. कायम व्हिसासाठी जो डीएस-२६० अर्ज भरावयाचा असतो, त्यात ‘पूर्वी कधी व्हिसा नाकारला गेला आहे काय’ असा स्पष्ट प्रश्न आहे. तेथे ‘नाही’ लिहिणे म्हणजे अजाणता झालेल्या चुकीवर जाणूनबुजून केलेली चूक चढविणे. अखेर वकिलाच्या सल्ल्याने मुलीने प्रतिज्ञालेख केला: नोंदणी केव्हा झाली, विधी केव्हा झाले, आमच्यात ‘लग्न’ हा शब्द कोणत्या दिवसास लावतात, अर्ज कोणी भरला. जोडीला लग्नपत्रिका, कार्यालयाची पावती, दोन्ही तारखांची छायाचित्रे. खिडकीवर प्रश्न आलाच. तिने आपल्या शब्दांत उत्तर दिले. तिला २२१ (जी) ची चिठ्ठी मिळाली, काही महिने चौकशीत गेले, आणि व्हिसा आला. प्रत्येकाचे असेच होईल असे आम्ही म्हणत नाही. पण काकांचे ऐकले असते तर काय झाले असते, याचा विचार करावा.

यावरून तयारीचे पहिले काम कोणते ते ध्यानात येईल. जुना अर्ज शोधून काढावा. प्रत नसेल तर एजंटाकडे मागावी. तीही नसेल तर काय लिहिले होते ते आठवून टिपून ठेवावे. मग जुना अर्ज, पतीची याचिका आणि नवा अर्ज समोर मांडून तारखा, पत्ते, नोकऱ्या आणि नावे ओळीने ताडून पाहावीत. २०१९ पासून समाजमाध्यमांवरील मागील पाच वर्षांच्या खात्यांची नावेही अर्जात द्यावी लागतात. तेथे कोणी वाङ्‌निश्चयाच्या तारखेस विवाह म्हटले असेल तर तेही ठाऊक असावे.

नावांच्या बाबतीत तर आपल्या महाराष्ट्रीय चालीने मोठा घोळ होतो. जन्मदाखल्यावर मुलीचे एक नाव, त्यामागे वडिलांचे नाव, माहेरचे आडनाव. लग्नात तांदळात सोन्याच्या अंगठीने दुसरेच नाव लिहिले जाते. पत्रिकेत ते नवे नाव, पासपोर्टवर जुने, बँकेत पतीचे नाव घातलेले तिसरे. परक्या देशाच्या अधिकाऱ्यास ह्या तीन निराळ्या स्त्रिया वाटल्या तर त्याचा दोष नाही. आमचे मत असे, की तांदळात लिहावयाचे ते हौसेने लिहावे. पण व्हिसाचे काम पुरे होईपर्यंत सरकारी कागदांवर पासपोर्टवरील एकच नाव राहू द्यावे. बदल आधीच झाला असेल तर राजपत्रातील प्रसिद्धी वा प्रतिज्ञालेख जवळ ठेवावा. विवाहाचा दाखला निबंधकाचाच हवा. कार्यालयाचे किंवा भटजींचे प्रमाणपत्र चालत नाही. महाराष्ट्रात १९९८ च्या अधिनियमान्वये ही नोंदणी महानगरपालिकेत वा ग्रामपंचायतीत होते.

दुसरा आक्षेप बहुधा अल्प परिचयाचा असतो. दोघांची भेट होऊन पंधरवड्यात लग्न, हे तेथील माणसास विलक्षण वाटते. ठरवून केलेले विवाह मुंबईतील अधिकाऱ्यांस नवे नाहीत, तरी परिचय कसा झाला, मध्यस्थ कोण, पत्रिका कोणी पाहिली, दोन्ही घरे एकमेकांस कशी ओळखतात, हे साखळीसारखे सांगता आले पाहिजे. येथे आपल्या संस्थेचा उपयोग आहे. वधूवर सूचक समितीच्या नोंदवहीत नाव केव्हा नोंदले गेले याचा सहीशिक्क्याचा उतारा मागेल त्यास देता येईल. केवळ असलेल्या नोंदीचाच, मागल्या तारखेचा नव्हे. कोणी तसा आग्रह धरू नये.

पाचशे छायाचित्रांचा जाडजूड अल्बम नेण्याची हौस असते. त्यात मंडप, रोषणाई, आइस्क्रीमचे काउंटर, सारे काही असते. लग्नानंतरचे दोघे मात्र कोठे दिसत नाहीत. नकारानंतर अधिकाऱ्यास पाहावयाचे असते ते विवाहोत्तर आयुष्य. पती किती वेळा आला याचे पासपोर्टवरील शिक्के, विमानाची तिकिटे, दर महिन्याचे बोलणे, पाठविलेले पैसे, विम्यात वा बँकेत लावलेले वारसाचे नाव, सासूच्या शस्त्रक्रियेच्या वेळी सून इस्पितळात राहिली असेल तर त्याचा एखादा कागद. प्रत्येक वर्षाची चार छायाचित्रे, मागे तारीख आणि माणसांची नावे, इतके पुरे होते. पहिल्या अर्जात जे होते तेच पुन्हा नेण्यात अर्थ नाही. त्या नकारानंतर काय नवे घडले ते वर असावे.

उत्पन्नाची अट थोडक्यात सांगतो. नागरिक जोडीदारास आय-८६४ या हमीपत्रात दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्के उत्पन्न दाखवावे लागते; ते पुरत नसेल तर तेथील दुसरा हमीदार चालतो. मात्र ही हमी घटस्फोटानेही सुटत नाही, हे त्या हमीदार नातेवाईकास आधी सांगावे. भिडेने सही घेऊ नये.

आता प्रत्यक्ष मुलाखत. मुंबईची अमेरिकन वाणिज्य वकिलात २०११ साली ब्रीच कँडीच्या लिंकन हाऊसमधून वांद्रे-कुर्ला संकुलात गेली; तेथे काचेच्या खिडकीशी उभ्यानेच, शपथ घेऊन, उत्तरे द्यावयाची असतात. मुलाखत पाच-दहा मिनिटांत आटोपते. तयारी म्हणून घरोघरी प्रश्नोत्तरांचे पाठांतर चालते, वडील विचारतात, आई दुरुस्ती करते. आम्हांस हे पसंत नाही. पाठ केलेले उत्तर एक शब्द चुकला की अडखळते, आणि खरे बोलणारी मुलगीही खोटी दिसू लागते. त्यापेक्षा पती-पत्नींनी एकमेकांशी निवांत बोलावे: पगार किती, घरभाडे किती, त्याची कामाची वेळ कोणती, तिच्या भावाचे शिक्षण कोठवर आले. ठाऊक नसेल ते ‘ठाऊक नाही’ म्हणावे. सासऱ्यांच्या जन्मतारखेचा अंदाज बांधू नये. प्रश्न कळला नाही तर पुन्हा विचारावा. पूर्वीच्या नकाराबद्दल विचारले तर कोणत्या वर्षी, कोणत्या प्रकारच्या व्हिसासाठी, काय कारण लिहिले होते, हे दोन वाक्यांत सांगून थांबावे. हे सारे जावयांसही लागू आहे. पत्नी तेथील नागरिक आणि पती येथे, अशी उदाहरणे वाढत आहेत, आणि पुरुषांस खिडकीवर वाद घालण्याचा मोह अधिक होतो.

न्यायालयात दाद मागू, असे काही मंडळी म्हणतात. त्यांच्यासाठी एक निकाल सांगतो. साँड्रा मुन्योझ या अमेरिकन नागरिक स्त्रीच्या साल्व्हादोरी पतीस २०१५ साली व्हिसा नाकारण्यात आला. नऊ वर्षांनी, जून २०२४ मध्ये, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की परदेशी जोडीदारास देशात प्रवेश मिळावा असा मूलभूत घटनात्मक हक्क नागरिकास नाही. वकिलातीच्या निर्णयात न्यायालये क्वचितच हात घालतात. त्यामुळे जे काही करावयाचे ते खिडकीपाशी जाण्यापूर्वीच करावे लागते.

व्हिसा मिळाल्यावरची एक गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते. अमेरिकेत पाऊल ठेवण्याच्या दिवशी विवाहास दोन वर्षे पुरी झालेली नसतील, तर १९८६ च्या दुरुस्तीनुसार तेथील वास्तव्य दोन वर्षांपुरते सशर्त असते. ती मुदत संपण्यापूर्वीच्या नव्वद दिवसांत दोघांनी मिळून आय-७५१ हा अर्ज करून विवाह चालू असल्याचा पुरावा पुन्हा द्यावयाचा असतो. म्हणून एवढ्या कष्टाने जमविलेली ही फाईल माहेरच्या कपाटात ठेवून विमानात बसू नये. ती हातातल्या पिशवीत असावी, आणि तेथे गेल्यावर पहिल्या भाडेचिठ्ठीपासून तीत भर घालीत राहावे.