लग्नाच्या मेजवानींतील टोस्टमास्तर
(ज्युबिलीनिमित्त भरलेल्या सभेंतील भाषण)



ज्युबिलीच्या सभेंत उभ्या राहिलेल्या धर्मगुरूकडून आपण मंदिराच्या इतिहासाची अपेक्षा कराल, व ती रास्तहि आहे. परंतु तें काम आमच्याहून अधिक जाणत्या वक्त्यांकडे सोंपविलेलें आहे. आम्ही आज ज्या गृहस्थाविषयीं बोलणार आहों, तो मंदिरांत कोठेंच दिसत नाहीं. पण मिस्सा आटोपून वऱ्हाड हॉलमध्यें गेलें, कीं पुढील तीन तास त्याचेंच राज्य असतें. वधूवरांनीं केव्हां आंत यावें, केक केव्हां कापावा, बँडनें केव्हां थांबावें, सर्व त्याच्या हुकुमानें. पूर्वी त्यास टोस्टमास्तर म्हणत, आतां एम. सी. म्हणतात.

मोल देऊन आणलेला माणूस आपल्या लग्नांत नवा नाहीं. गिरगांवच्या खोताच्या वाडींतील काय, किंवा दादर-माहीमकडील काय, ईस्ट इंडियन घरांतून उंबराचें पाणी आणावयास बायका निघाल्या, कीं पुढें वाजणारा बँड पैसे देऊनच आणलेला असावयाचा. त्यांत कोणास कमीपणा वाटला नाहीं. टोस्ट मात्र घरचा माणूस उचली. धर्मपिता, मामा, नाहींतर वाडींतील एखादा वडीलधारा. टोस्ट म्हणजे मूळचा भाजलेला पाव. इंग्लंडांत तो मद्यांत बुडवीत, त्यावरून हें नांव पडलें. म्हणजे आपल्या फुगियांचा तो दूरचा चुलतभाऊच म्हणावयाचा!

लंडन शहरांत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून तांबडा कोट घालणारे धंदेवाईक टोस्टमास्तर आहेत. त्यांचें काम नीट पाहिलें तर एक गोष्ट ध्यानांत येते. ते स्वतः फारसें बोलत नाहींत. सभेला शांत करावें, वक्त्याचें नांव मानानें पुकारावें आणि बाजूस व्हावें, एवढेंच. आपल्याकडे पुकारणारा हळूहळू बोलणारा झाला, आणि बोलावयाचा ज्यांचा हक्क ते खुर्चींत बसून टाळ्या वाजवूं लागले. आमची तक्रार आहे ती येथें.

वेदीपुढें धर्मगुरूच्या हातीं पुस्तक असतें. दादरच्या पोर्तुगीज चर्चसारख्या, 1596 पासून इतिहास सांगणाऱ्या धर्मग्रामांत असो, कीं काल उभ्या राहिलेल्या देवळांत असो, विधीचे शब्द ठरलेले. धर्मगुरु वक्ता नसला तरी लग्न व्यवस्थित लागतें. हॉलमध्यें तसें पुस्तक नाहीं. तेथें त्या एका माणसाच्या जिभेवर दोन घराण्यांची अब्रू असते.

योहानाच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायांतील काना गांवचें लग्न आपण अनेक वेळां ऐकलें आहे. मरियामातेची विनंती व सहा दगडी रांजण सर्वांच्या लक्षांत राहतात. भोजनकारभाऱ्याकडे सहसा कोणी पाहत नाहीं. द्राक्षारस संपल्याची त्यास कल्पना नव्हती, नवा कोठून आला याचीहि नव्हती. पाणी काढणाऱ्या चाकरांना मात्र सर्व ठाऊक होतें. त्यानें रस चाखला, आणि वराला बोलावून उत्तम तें राखून ठेविल्याबद्दल त्याची वाखाणणी केली. अजाणतां कां होईना, त्या घराची लाज त्याच्या तोंडून बाहेर पडली नाहीं.

त्याहून जुना दाखला बेन सिराच्या ग्रंथांत आहे. हा ज्ञानी ख्रिस्तापूर्वीं दुसऱ्या शतकांत होऊन गेला. त्याचा ग्रंथ आपल्या कॅथोलिक बायबलांत आहे, प्रॉटेस्टंट बंधूंच्या बायबलाच्या प्रमाणग्रंथांत नाहीं. 32व्या अध्यायांत तो मेजवानीच्या प्रमुखास बजावतो कीं तोरा मिरवूं नये, पाहुण्यांतलाच एक होऊन राहावें, आधीं इतरांची सोय पाहावी, मग स्वतः बसावें. वडिलांनीं बोलावें, परंतु गाण्याचा खोळंबा करूं नये. तरुणांनीं फारच आग्रह झाला तर बोलावें, आणि तेंहि थोडक्यांत. बाविसशें वर्षांपूर्वींचा हा उपदेश हॉलच्या दारावर लावण्यासारखा आहे!

परळ भागांतील एका लग्नाला आम्ही हजर होतों. मुलीचे वडील ती लहान असतांनाच वारले होते. तिला वाढविलें आईनें व मामानें. मामा 1982 च्या गिरणी संपांत बेकार झाले आणि पुढें टॅक्सी चालवून त्यांनीं दोन्ही घरें सांभाळलीं. भाड्यानें आणलेल्या तरुणानें इंग्रजींत मोठ्या उत्साहानें पुकारलें, "आतां वधूचे वडील दोन शब्द बोलतील." सारा हॉल गप्प झाला. आईनें पदर तोंडाला लावला. तेव्हां मामा उठले आणि मराठींत चारच वाक्यें बोलले; मेहुण्याचें नांव घेतलें, बहिणीचे कष्ट सांगितले, भाचीला आशीर्वाद दिला. पहिल्या रांगेंतल्या म्हाताऱ्या, ज्यांना आतांपर्यंतचा एकहि शब्द कळला नव्हता, त्या डोळे पुसूं लागल्या. त्या तरुणाविषयीं आमचें मत वाईट नाहीं. त्यानें ध्वनिक्षेपक मामांच्या हातीं दिला, मंचावरून खालीं उतरला, आणि पुढें अर्धा तास विनोदाचें नांव काढलें नाहीं. चूक त्याची एकट्याची नव्हे. त्याला नांवांची यादी दिली होती. घराची माहिती कोणीं दिली नव्हती.

म्हणून एम. सी. ठरवूं नये असें आम्ही म्हणत नाहीं. चारपांचशें पाहुणे, हॉल वेळेवर रिकामा करावयाचा, केटररची घाई. कोणीतरी खंबीर माणूस हवाच. मात्र त्याला आठ दिवस आधीं घरीं बोलवा, चहा द्या, कोण हयात नाहीं, कोणाचा अबोला आहे, कोणाला इंग्रजी कळत नाहीं तें सांगा. वधूच्या रंगावर, वयावर, देण्याघेण्यावर थट्टा नको, हें स्पष्ट बजावा. आणि टोस्ट आपल्याच माणसाकडे ठेवा, मग त्याचें बोलणें अडखळत कां होईना. प्याल्यांत काय आहे यास आम्ही फारसें महत्त्व देत नाहीं. 1949 चा मुंबई दारूबंदी कायदा झाला तेव्हां मिस्सेच्या द्राक्षारसासाठीं त्यांत वेगळी तरतूद ठेविली गेली. टोस्टाचें पुष्कळ घरांत सरबतावर भागलें.

आगमनकाळ संपला, कीं लग्नांचा हंगाम सुरू होईल. ज्यांच्या घरीं कार्य आहे त्यांनीं तारीख नोंदविण्यास येतांना, टोस्ट कोण बोलणार त्या वडीलधाऱ्यांचें नांवहि ठरवून यावें. आम्ही तें विचारणार आहों.