तुळस वाळली की अपशकुन होतो का? (आणि बाल्कनीतल्या झाडांचं वर्षभराचं वेळापत्रक)

बसमध्ये असाल, जिममध्ये असाल, नाहीतर भांडी घासता घासता ऐकत असाल, तर आवाज जरा वाढवा. आजचा भाग मी बाल्कनीत बसून रेकॉर्ड करतेय, त्यामुळे मागे चिमण्यांचा गोंधळ आणि खालच्या रस्त्यावरचे हॉर्न येणारच. सांभाळून घ्या.

आजचा विषय झाडं. बऱ्याच जणांचे मेसेज होते, की ताई, झाड आणतो आणि दीड महिन्यात मरतं, आमचा हातच वाईट आहे. तर पहिली गोष्ट, हात वाईट वगैरे काही नसतं. हे मी कुठल्या अधिकाराने सांगतेय? माझ्या हातून पहिल्या वर्षी चौदापैकी अकरा झाडं गेली, त्या अधिकाराने. त्यातलं दहाव्या नंबरचं झाड म्हणजे तुळस. तिची गोष्ट आधी सांगते, मग कामाचं बोलू.

एका वर्षी डिसेंबरात बाबांची बायपास पुण्यात करायचं ठरलं. त्यासाठी आई-बाबा नोव्हेंबरमध्येच कराडहून माझ्या फ्लॅटवर राहायला आले. आईने येताना पिशवीतून एक तुळशीचं रोप आणलं, आमच्या दारातल्या वृंदावनातलंच. मला म्हणाली, "अगं, घर घेतलंस, सोफा घेतलास, तुळस कुठाय?" मी उत्साहाने एक सुंदर पांढरी सिरॅमिकची कुंडी आणली. तिला खाली भोक नव्हतं. कोण बघतंय भोक!

ऑपरेशनचा आठवडा आला. मी दिवसा हॉस्पिटलमध्ये, रात्री लॅपटॉपवर. आणि नेमक्या त्याच आठवड्यात तुळशीची पानं काळी पडून गळायला लागली. तीन दिवसांत नुसत्या काड्या राहिल्या. आई सकाळी आंघोळ करून बाल्कनीत गेली, परत आली आणि काही बोललीच नाही. चहा तसाच ठेवला. रात्री अंथरुणावर पडल्यावर हळूच म्हणाली, "तुळस वाळणं चांगलं नसतं गं."

बाबा तेव्हा आयसीयूमध्ये होते. मी बीटेक झालेली बाई, शकुन-अपशकुन मानत नाही. पण खरं सांगू? त्या रात्री मलाही झोप लागली नाही.

दोन दिवसांनी मी ती कुंडी उलटी केली. सवयच आहे, काही बंद पडलं की आत बघायचं. मुळं तपकिरी, बुळबुळीत, हाताला लागताच तुटणारी, आणि आंबट कुबट वास. निरोगी मुळं पांढुरकी आणि घट्ट असतात. मग आईला विचारलं, "तू पाणी किती घालायचीस?" म्हणाली, "रोज सकाळी एक तांब्या." आणि मी? मी रोज रात्री अर्धी बाटली ओतत होते, आईचं लक्ष नसेल या काळजीने. दोघीही प्रेमाने पाणी घालत होतो, एकमेकींना न सांगता, भोक नसलेल्या कुंडीत, ऐन थंडीत. तुळस बुडून मेली, मंडळी.

पाणी: सगळ्यात मोठा घोळ

मुळांनाही हवा लागते. मातीच्या कणांमध्ये ज्या बारीक पोकळ्या असतात, त्यात कायम पाणीच भरून राहिलं की मुळांचा श्वास कोंडतो, ती सडतात. सडलेली मुळं पाणी ओढू शकत नाहीत, म्हणून ओल्या मातीतलं झाडसुद्धा तहानल्यासारखं मान टाकतं. आपल्याला वाटतं पाणी कमी पडलं, आपण अजून ओततो. खेळ खल्लास.

उपाय एकदम साधा. बोट मातीत दोन पेरं खोल घाला. ओलं लागलं तर आज पाणी नाही. कोरडं लागलं तर खालच्या भोकातून बाहेर येईपर्यंत सावकाश घाला. रोज सकाळी एक ग्लास, असा नियम लावूच नका. कारण मे महिन्यातला ग्लास आणि जानेवारीतला ग्लास एक नसतो. घरात दोघं-तिघं असतील तर पाणी कोण घालणार ते आधी ठरवा. आमच्याकडे आता हे खातं आईकडे असतं, ती कराडला गेली की माझ्याकडे.

आणि कुंडीला भोक हवंच. शोभेची कुंडी फारच आवडली असेल तर झाड साध्या प्लॅस्टिकच्या कुंडीत लावा आणि ती कुंडी त्या शोभेच्या कुंडीत ठेवा. आत साचलेलं पाणी ओतून टाकायचं, बस.

आता वर्षाचं वेळापत्रक सांगते. जानेवारी संपत आलाय, म्हणून इथूनच सुरू करू.

फेब्रुवारी: कात्री काढा

मोगरा असेल तर आत्ता छाटा. मोगऱ्याला कळ्या नव्या फुटीवर येतात, जुन्या काड्या जपून काही मिळत नाही. पाणी आठवडाभर कमी करा, मग साधारण एक तृतीयांश उंची कापा, वाळक्या काड्या मुळापासून काढा. वरची माती खुरप्याने हलकेच मोकळी करून दोन मुठी गांडूळखत घाला आणि कुंडी सगळ्यात जास्त उन्हाच्या जागी हलवा. मोगऱ्याला रोज पाच-सहा तास थेट ऊन लागतं. "पानं भरपूर, फूल एक नाही" या तक्रारीचं कारण बहुतेक वेळा ऊन कमी हेच असतं.

कुंडी बदलायचीही हीच वेळ. पाणी घातल्या घातल्या सरळ खाली निघून जातं किंवा भोकातून मुळं डोकावतायत, म्हणजे झाडाला जागा पुरत नाहीये. मी चार भाग माती, तीन भाग कंपोस्ट आणि तीन भाग कोकोपीट असं मिसळते. एकदम टबाएवढी कुंडी देऊ नका, आधीपेक्षा दोन इंच मोठी पुरते. मोठ्या कुंडीत माती जास्त, ओल जास्त, आणि परत तोच सडण्याचा धोका.

उन्हाळा: पाणी, सावली आणि पिठ्या ढेकूण

एप्रिल-मेमध्ये पाणी सकाळी लवकर घाला, संध्याकाळी परत बोट घालून बघा. दुपारी पानं मलूल झाली म्हणून लगेच बादली घेऊन धावू नका. माती ओली असेल तर ऊन उतरल्यावर झाड आपोआप सावरतं. मातीवर वाळका पाला किंवा नारळाच्या शेंड्यांचा थर द्या, ओल टिकते. पश्चिमेची बाल्कनी असेल तर हिरवी जाळी बांधा.

कोकोपीट एकदा कडक वाळलं की पाणी पीत नाही, कडेने वाहून जातं. अशी कुंडी अर्धा तास पाण्याच्या टबात ठेवा, खालून ओढून घेईल.

आता जास्वंदीवाल्यांनी कान द्या. कोवळ्या शेंड्यावर कापसासारखं पांढरं काहीतरी दिसतं, पानं चुरगळतात, कळ्या गळतात. तो पिठ्या ढेकूण. झाडावर मुंग्यांची रांग दिसली तर आधी तिकडेच शोधा, कारण हे किडे रस शोषून गोड चिकट पाणी सोडतात आणि मुंग्या त्यासाठी त्यांची राखण करतात. जास्त लागलेला शेंडा कापून पिशवीत बांधून टाका. खाली पाडू नका, तो परत चढतो. मग पाण्याचा जोरदार फवारा मारा. त्यानंतर एक लिटर पाण्यात पाच मिली कडुलिंबाचं तेल आणि भांड्याच्या लिक्विड सोपचे काही थेंब नीट ढवळून पानांच्या खालूनही फवारा. साबण नसेल तर तेल पाण्यात मिसळतच नाही. फवारणी संध्याकाळी करा, उन्हात तेलाने पानं भाजतात. आधी दोन पानांवर करून एक दिवस थांबा. आणि एकदा मारून काम झालं समजू नका. सात-आठ दिवसांच्या अंतराने तीन वेळा मारा, कारण मागे राहिलेल्या अंड्यांमधून नवी पिल्लं बाहेर येत असतात.

कढीपत्ता, पुदिना, तुळस, म्हणजे ज्याची पानं आपण खातो, त्यांना मी नुसत्या पाण्याने धुते आणि हाताने किडे काढते.

पावसाळा: हात आवरा

पावसाळ्यात झाडं भिजण्यापेक्षा साचलेल्या पाण्याने जास्त मरतात. कुंड्या विटांवर उचलून ठेवा, खालच्या ताटल्या काढून टाका. ताटली ठेवलीच असेल तर आठवड्यातून एकदा न चुकता कोरडी करून घासा. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ साचलेल्या पाण्यात वाढतो, आणि अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस पुरतात. आमच्या सोसायटीत तपासणीला आलेल्या माणसाने माझ्याच ताटलीत अळ्या दाखवल्या होत्या. इतकी लाज वाटली! खालच्या मजल्यावरच्या काकूंची, "तुझं पाणी माझ्या वाळत घातलेल्या कपड्यांवर पडतं" ही तक्रार त्याआधीच आली होती.

धो धो पावसात खत घालू नका, वाहून जातं. मात्र नवी रोपं करायला हे दिवस सोन्यासारखे. जास्वंदीची पेन्सिलएवढ्या जाडीची काडी पेराच्या खाली कापा, वरची दोन पानं ठेवून बाकीची काढा आणि ओलसर मातीत खोचा. रोज उपटून मुळं आली का बघू नका. मी बघायचे. एकही जगली नाही.

हिवाळा: पानं गळतील, घाबरू नका

थंडीत झाडं हळू वाढतात, पाणीही कमी पितात. कढीपत्त्याची पानं पिवळी पडून गळतात, कधीकधी नुसता खराटा उरतो. नखाने साल जरा खरवडा. आत हिरवं दिसलं तर झाड जिवंत आहे. पाणी कमी करा, खत थांबवा, फेब्रुवारी-मार्चला फुटेल.

याच दिवसांत मेथी, कोथिंबीर, झेंडू मस्त येतात. कोथिंबिरीचे धणे अख्खे टाकू नका, हाताने रगडून दोन फोडी करा. आठ-दहा दिवसांत कोंब दिसतात.

आणि तुळस. तुळस मूळची उष्ण हवेतली, थंडीत ती खंगतेच. शिवाय मंजिऱ्या धरल्या की ती सगळी ताकद बी करण्यात घालते, पानं कमी होतात, खोड लाकडासारखं होतं. म्हणून मंजिऱ्या वेळच्या वेळी खुडायच्या, थंडीत पाणी बेताने, कुंडी भिंतीच्या आडोशाला. एवढं करूनही तीन-चार वर्षांनी ती जायचीच, म्हणून दर वर्षी नवं रोप तयार ठेवायचं.

पान पिवळं पडलं, आता काय?

इथे सगळे घाबरून एकदम खत, औषध, पाणी, जागा, सगळंच बदलतात. नको. आधी कुठलं पान पिवळं आहे ते बघा. खालची जुनी पानं सावकाश एकसारखी पिवळी होतायत, तर नत्र कमी, कंपोस्ट द्या. वरची नवी पानं पिवळी पण शिरा हिरव्या, तर लोह कमी पडतंय. वर खाली कुठेही पानं पिवळी, मऊ आणि माती ओली, तर पाणी जास्त झालंय. आणि एखाददुसरं तळाचं जुनं पान पिवळं झालं, तर ते म्हातारं झालंय. सोडून द्या त्याला.

एका वेळी एकच गोष्ट बदला आणि दहा दिवस थांबा. मी फोनमध्ये प्रत्येक झाडाची नोंद ठेवते, तारीख आणि काय केलं ते, दोन ओळी फक्त. ही काही माझी हुशारी नाही. कोल्हापूरचे श्री. अ. दाभोळकर गणिताचे शिक्षक होते. आपल्या जागेत स्वतः प्रयोग करा, टिपून ठेवा, एकमेकांना सांगा, अशा विचारावर त्यांनी 'प्रयोग परिवार' उभा केला. तेव्हा स्मार्टफोन नव्हते. आपल्याकडे आहेत, वापरूया.

आता आईची गोष्ट पुरी करते.

कुंडी उलटी केली तेव्हा मी आईला सगळं समजावलं. मुळं दाखवली, भोक नाही ते दाखवलं. तिने ऐकून घेतलं आणि त्या वाळक्या काड्यांवरच्या मंजिऱ्या कागदात चुरून ठेवल्या. नंतर बाबा घरी आले. हळूहळू चालायला लागले. तुळशीचा आणि त्यांचा काही संबंध नव्हता, तेव्हाही आणि आताही. फेब्रुवारीच्या शेवटी आईने ते बी एका भोकाच्या कुंडीत वरच्यावर भुरभुरलं आणि वरून चिमूटभर माती घातली. दहाएक दिवसांत मोहरीएवढी हिरवी पानं दिसायला लागली.

मी जिंकल्यासारखी म्हणाले, "बघ, अपशकुन नव्हता, पाणी जास्त झालं होतं." तर आई म्हणते, "मला काय माहीत नाही का? आपल्या दारातली तुळस दर दोन-तीन वर्षांनी थंडीत जाते. नवी लावतोच की आपण. पण त्या दिवशी कशाची तरी भीती वाटायला हवी होती ना, तुझ्या बाबांचं नाव घेऊन भीती वाटते म्हणायची हिंमत नव्हती."

यावर मला काही सुचलं नाही. मुळं उलटी करून बघितली, पण आईला विचारायचं राहिलं होतं.

असो. या आठवड्याचं काम: एक कुंडी निवडा, बोट घाला, खाली भोक आहे का बघा, आणि आधीच्या पाण्याची तारीख फोनमध्ये लिहा. तेवढंच. घरी आई, आजी, काकू कुणी झाडं सांभाळत असेल तर त्यांना एक फोन करा, झाडांबद्दल विचारा. बोलणं झाडांवर सुरू होईल, पुढे कुठेही जाईल.

पुढच्या भागात घरातल्या ओल्या कचऱ्याचं कंपोस्ट, वास न येऊ देता. तोपर्यंत पाणी बेताने घाला. भेटू!