पतंग आणि ज्योत

शाकुंतलाचा स्तुतिपाठक म्हणून जर्मन महाकवि गटे मराठी रसिकांस परिचित आहे. परंतु त्याच्या मनानें केलेली पूर्वेची दुसरी यात्रा तितकीशी परिचित नाहीं.

१८१४ सालीं, नेपोलियनच्या युद्धांनीं युरोप होरपळून निघाला असतां, पासष्टीच्या उंबरठ्यावरील या कवीच्या हातीं हाफिजच्या दिवाणाचें हॅमरकृत जर्मन भाषांतर पडलें. त्या वाचनाचें फळ म्हणजे १८१९ मध्यें प्रसिद्ध झालेला त्याचा ‘पश्चिम-पूर्व दिवाण’. कुराणांतील गुहेंत निजलेल्या भाविकांची कथा त्यानें त्यांत रंगविली आणि त्यांच्या इमानी कुत्र्यासहि इस्लामी परंपरेस अनुसरून स्वर्गांत स्थान दिलें.

तथापि ही नुसती उसनवारी नव्हे. पतंग आणि ज्योत हें सूफींचें लाडकें रूपक. पतंग म्हणजे प्रेमी जीव, ज्योत म्हणजे परमेश्वर. त्या ज्योतींत मीपणाचा लोप होणें, म्हणजेच ‘फना’, ही जीवाची कृतार्थता. गटेनें पतंग घेतला, ज्योत घेतली, जळणेंहि घेतलें. पण अर्थाचा रोख पालटला. त्याच्या कवितेंत मरण हें याच पृथ्वीवर पुन्हां नवें होण्याचें द्वार आहे.

पुढें र्‍यूकर्टनें रूमीच्या धर्तीवर जर्मन गझला रचून ही वाट रुंद केली.

गटेनें आपल्या दिवाणास विस्तृत गद्य टिपणें जोडून फारसी कवींचें ऋण उघडपणें मान्य केलें. परक्याचें धन घ्यावें, धन्याचें नांव सांगावें आणि त्यांत स्वतःची भर घालावी, हाच वाङ्मयांतील खरा सावकारी व्यवहार होय.