स्वस्त वीजपुरवठ्याची पारख

संगणक विकत घेताना माणूस पुष्कळ चौकशी करतो. प्रोसेसर कोणता, पडदा केवढा, हे तो दहा दुकाने हिंडून विचारतो. विचारायचे राहून जाते ते पेटीच्या मागच्या कोपऱ्यातल्या वीजपुरवठ्याविषयी. दुकानदार त्याला 'एसएमपीएस' म्हणतात. माझ्या एका स्नेह्यांनी मुलाच्या संगणकात नेमकी इथेच काटकसर केली. एका संध्याकाळी ठिणगी उडाली, जळका वास सुटला, आणि मुलाची दोन वर्षांची टिपणे हार्ड डिस्कबरोबर गेली.

या डब्याचे काम सोपे नव्हे. घरातली २३० व्होल्टची वीज घेऊन तिचे १२, ५ आणि ३.३ व्होल्टच्या एकदिश प्रवाहात रूपांतर करायचे, आणि तो दाब स्थिर राखायचा. १२ व्होल्टचा दाब ११.४ च्या खाली वा १२.६ च्या वर जाऊ नये, आणि त्यावरचे तरंग १२० मिलिव्होल्टच्या आत असावेत, असा संकेत आहे.

पुष्कळ जण हिरवी तार काळ्या तारेला जोडून पंखा फिरतो का, तेवढेच पाहतात. पण रिकामा हमाल ताठच चालतो. त्याचे बळ कळते ते ओझे चढल्यावर. म्हणून प्रयोगशाळेत कृत्रिम भार जोडून तो पायरीपायरीने वाढवतात आणि ऑसिलोस्कोपवर तरंग न्याहाळतात. स्वस्त नग कित्येकदा छापील आकड्याच्या पुष्कळ अलीकडेच डगमगू लागतो. चांगला पुरवठा अतिभार होताच आपण होऊन बंद पडतो. वाईट पुरवठा जळतो, आणि कधी शेजाऱ्यांनाही सोबत नेतो. झाकण काढले की कारण दिसते: गाळणीच्या वेटोळ्यांच्या जागी नुसत्या तारेचे तुकडे, बारीक धारित्रे, पातळ उष्णताशोषक पत्रे.

हे झाकण घरी मात्र उघडू नये. वीज तोडल्यावरही आतल्या धारित्रात सुमारे ३२५ व्होल्टचा दाब काही काळ राहू शकतो.

मग सामान्य ग्राहकाने काय करावे? डब्यावरचा तक्ता वाचावा. आजचा संगणक बहुतेक शक्ती १२ व्होल्टच्या तारांतून घेतो. तिथे १५ अँपिअर लिहिले असेल, तर १२ गुणिले १५, म्हणजे १८० वॅट. मग वर ठळक अक्षरांत ४५० छापलेले का असेना! अर्थात तक्ताही खोटा असू शकतो. परंतु पुष्कळदा लबाडी त्याच तक्त्यात उघडी पडते. पैसे मोजण्यापूर्वी एवढा एक गुणाकार आपण करावा, इतकीच विनंती.