मानेतील ग्रंथी आणि हाडांची भूक



माझे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंत. पुढचे युनियनच्या कचेरीत आणि नगरवाचनालयात झाले. तेव्हा मी वैद्यकावर बोलावे याचे आपणांस नवल वाटेल. पण आमचा एक जुना सभासद, यंत्रमागावर उभा राहून आयुष्य काढलेला, काही वर्षे डायलिसिसवर आहे. त्याच्या मानेची शस्त्रक्रिया झाली. “बिघडले मूत्रपिंड, मग गळा का कापला?” असे त्याच्या बायकोने मला विचारले. मला उत्तर देता आले नाही. म्हणून मी वाचू लागलो, डॉक्टरांना विचारू लागलो.

मानेत, थायरॉइड ग्रंथीच्या मागे, तांदळाच्या दाण्याएवढ्या बहुधा चार ग्रंथी असतात. त्यांना पॅराथायरॉइड म्हणतात. रक्तातले कॅल्शियम कमी झाले की त्या आपला रस सोडतात, आणि हाडांतून कॅल्शियम बाहेर काढले जाते. शरीरातले शंभरातले नव्याण्णव भाग कॅल्शियम हाडांतच आहे. तीच आपली तिजोरी.

1925 साली व्हिएन्नात ट्रामच्या एका कंडक्टरची हाडे ठिसूळ झाली होती. हाडे दुखावतात म्हणून ग्रंथी फुगते, असा तेव्हा पुष्कळांचा समज. डॉ. फेलिक्स मांडल यांनी आधी त्याला दुसऱ्याच्या ग्रंथी बसवून पाहिल्या. गुण आला नाही. मग त्याच्याच ग्रंथीची गाठ काढली, आणि वेदना ओसरल्या, हाडे भरू लागली. काही वर्षांनी दुखणे उलटले हे खरे. पण दोष कोठून कोठे जातो ते जगाला कळले.

त्या कंडक्टरची ग्रंथीच बिघडली होती. मूत्रपिंडाच्या रोग्याचे तसे नाही. त्याचे मूत्रपिंड फॉस्फेट बाहेर टाकीत नाही, आणि ‘ड’ जीवनसत्त्वाला कामाचे रूपही देत नाही. रक्तातले कॅल्शियम घटू पाहते, आणि ग्रंथींना रात्रंदिवस ओव्हरटाइम करावा लागतो. वर्षानुवर्षे असे चालले की त्या फुगतात, मग कोणाचे ऐकत नाहीत. पथ्य आणि औषधे पुरी पडली नाहीत, तरच शस्त्रक्रियेची वेळ येते. साडेतीन ग्रंथी काढतात, किंवा चारही काढून एकीचे तुकडे हाताच्या कातडीखाली किंवा स्नायूत बसवतात.

आता हाडांत काय होते ते पाहा. हाडांत दोन प्रकारचे कामगार असतात: जुने हाड मोडणारे आणि नवे बांधणारे. ग्रंथींच्या हुकमाने दोघांचीही धावपळ चाललेली असते, आणि मोडणारे वरचढ झालेले असतात. हुकूम थांबला की मोडणारे लवकर थांबतात. बांधणाऱ्यांच्या हाती मात्र अर्धवट भिंती असतात. ते रक्तातून कॅल्शियम ओढून त्या भरू लागतात. पुढच्या महिन्यांत मणक्यांची व खुब्याची हाडे घट्ट होतात, ही कमाई. पण पहिल्या दिवसांत रक्त रिते होते. डॉक्टर याला ‘भुकेले हाड’ म्हणतात.

आमच्या सभासदाचे तेच झाले. घरी आल्यावर हाडांचा ठणका थांबला. तो म्हणाला, आता गोळ्या कशाला? ओठ बधिरले, बोटांना मुंग्या आल्या. बायकोला वाटले, अशक्तपणा असेल. रात्री हात आखडले. शिरेतून कॅल्शियम दिले तेव्हा तो सावरला. कागदावर गोळ्यांची नावे होती. पण हा धोका तिला तिच्या भाषेत कोणी सांगितला नव्हता.

दुसरीही बाजू आहे. हा रस अगदीच आटला तर दोन्ही पाळ्या बंद पडतात. हाड मोडत नाही, बांधलेही जात नाही, आणि पुन्हा ठिसूळ होते. म्हणून शस्त्रक्रियेनंतरही रक्ताची तपासणी चुकवून चालत नाही.

आपल्या घरी असा रोगी असेल तर एवढे करा. गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका. मुंग्या आल्या, हात आखडले तर सकाळची वाट पाहू नका. आणि डॉक्टरांना विचारायला लाजू नका. पगाराच्या चिठ्ठीतला आकडा समजला नाही तर आपण विचारतोच ना? शरीर त्याहून मोलाचे आहे.

त्या बाईच्या प्रश्नाचे उत्तर मला उशिरा सापडले. आपणांस ते वेळेवर मिळावे, एवढीच इच्छा बोलून दाखवून आपली रजा घेतो.