गाडी आधी की बिल आधी?
(वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



सभेपुढे बोलण्याची मला सवय नाही. तेव्हा भाषण न करता घडले ते सांगते.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आपल्यात एक वाद निघाला होता. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका फुकट मिळते म्हणून लोक उठल्यासुटल्या तिला बोलावतात, फुकटच्या वस्तूची कोणाला किंमत नसते, तिला दोनशे रुपये तरी आकार ठेवावा, असे काहीजणींचे म्हणणे पडले. मी त्या दिवशी गप्प बसले, कारण वाण लुटायचे राहिले होते. आज अध्यक्षबाईंनी दहा मिनिटे दिली आहेत.

२०१९ साली धाकट्या जावेच्या बाळंतपणासाठी मी व सासूबाई अमेरिकेला गेलो होतो. तेथे पुष्कळ शहरांत आजारी माणसासाठी ९११ क्रमांकावर फोन केला की आधी दारात येतो तो आगीचा बंब. माणूस आजारी आणि बंब कशाला, असे मला वाटे. जावेने समजावून सांगितले. बंबखाने ठिकठिकाणी होते, तेथे माणसे रात्रंदिवस हजर असत, म्हणून त्यांनाच प्रथमोपचाराचे व त्याहून पुढचे शिक्षण देण्यात आले. आता आगी कमी झाल्या, आणि बंबवाल्यांना येणाऱ्या हाकांपैकी निम्म्याहून अधिक हाका आजाऱ्यांच्याच असतात. कित्येक शहरांत रुग्णवाहिकाही त्यांचीच असते.

परंतु आग विझवली तर घरमालकाला बहुधा बिल येत नाही, आणि रुग्णवाहिकेतून नेले तर येते! हे कसे, ते मी दिरांना विचारले. ते म्हणाले, "वहिनी, आगीचा खर्च सगळ्या गावाच्या करातून होतो. गाडीचा खर्च मात्र ज्याला नेले त्याच्याकडून, नाहीतर त्याच्या विमा कंपनीकडून घेतात." कॅलिफोर्नियात १९७८ साली लोकांनी मते देऊन घरपट्टीला मर्यादा घालून घेतली. कर कमी झाला म्हणून माणसे खूश झाली, पण नगरपालिकांची तिजोरी आटली आणि एकेका कामाला वेगळा आकार लागू लागला. घरपट्टी वाचली ती अशी दुसऱ्या दाराने गेली.

संध्याकाळी बागेत आपल्याकडची म्हातारी माणसे फिरायला येत. मुलांकडे आलेली, वेळ न जाणारी. त्यांच्या गप्पांत सासूबाईंच्या कानावर एवढेच पडले, की येथे गाडी बोलावली तर हजार डॉलर मोजावे लागतात.

बाळ तीन आठवड्यांचे झाले असेल. दीर कामासाठी परगावी गेले होते. रात्री दोनच्या सुमारास सासूबाई उठून बसल्या. छातीवर दगड ठेवल्यासारखे वाटते म्हणाल्या. जावेने फोन उचलला, तोच त्यांनी तिचे मनगट धरले. "नको गं. सकाळी तो आला की मोटारीतून जाऊ. त्याच्या डोक्यावर उगीच कर्ज नको." मला मोटार चालवता येत नाही, आणि जाऊ ओली बाळंतीण. आम्ही सुंठीचा काढा दिला, पाठ चोळली. माझेही चुकलेच. मी थोरली, मी त्यांचे ऐकायला नको होते. पण मलाही त्या हजार डॉलरची धास्ती होती, हे आज चारचौघींत कबूल करते.

चार वाजता त्यांना दरदरून घाम फुटला. मग जावेने कोणाला न विचारता फोन केला. पाच मिनिटांत भलामोठा लाल बंब दारात उभा, आणि पाठोपाठ रुग्णवाहिका. ती माणसे फार चांगली हो! गुडघ्यांवर बसून सासूबाईंशी बोलली, त्यांच्या छातीला तारा लावल्या, प्राणवायू दिला, अलगद उचलून नेले. दारात कोणीही पैशाचा शब्द काढला नाही. बिल महिन्याने टपालाने आले, पण त्याची भीती दोन तास आधीच घरात येऊन बसली होती. दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले की ते दोन तास महागात पडले, हृदयाच्या स्नायूला कायमची इजा झाली.

बिल अठराशे डॉलरच्या आसपास होते. गाडीचा आकार वेगळा, मैलामागे वेगळा. प्रवासाच्या विम्याने काही दिले, बाकीचे दिरांनी हप्त्याने फेडले. सासूबाईंनी विचारले, "आणि घर पेटलं असतं तर?" दीर म्हणाले, "तर काही नाही, आई." त्यावर त्या म्हणाल्या, "मग माझ्या छातीत आग लागली असंच सांगायचं होतंस की!"

तेव्हापासून तेथले आकडे मी दिरांना विचारत असते. न्यूयॉर्कमध्ये १९९६ पासून शहराच्या रुग्णवाहिका अग्निशमन खात्याकडे आहेत. तेथे २०२३ साली साध्या गाडीचा आकार ९०० डॉलरवरून १,३८५ डॉलर झाला, म्हणजे आपले लाखाच्या वर रुपये! अचानक येणाऱ्या मोठ्या बिलांपासून विमा असलेल्या रोग्याला वाचवणारा एक कायदा तेथे २०२२ च्या जानेवारीपासून लागू झाला. त्यात विमानाने नेणारी रुग्णवाहिका आहे, रस्त्यावरची नाही. याला काय म्हणावे!

पण तेथेही सगळीकडे एक रीत नाही. काही शहरे विमा कंपनी देईल तेवढे घेतात, उरलेले गावच्या रहिवाशाला मागत नाहीत, कारण त्याने कर भरलेलाच असतो. कॅलिफोर्नियातल्या अनाहाइम आणि हंटिंग्टन बीच या शहरांनी घरटी वर्गणीची सोय काढली. महिन्याला थोडे डॉलर भरले की घरातल्या माणसांना या खर्चाची चिंता नाही. मला ही पद्धत आवडली. आपल्या मंडळाच्या वर्गणीसारखीच. धडधाकट असताना, दिवसाउजेडी, सगळ्यांनी थोडे थोडे द्यायचे.

आता आपल्याकडचे. १०८ ची सेवा महाराष्ट्रात जानेवारी २०१४ मध्ये सुरू झाली, तेव्हा ९३७ गाड्या होत्या आणि गाडीत डॉक्टर असावा असे ठरले. रोग्याकडून पैसे घेत नाहीत. गरोदर बाई व तान्हे मूल यांना सरकारी दवाखान्यात नेण्या-आणण्याची फुकट सोय २०११ पासून आहे, तिचा क्रमांक १०२. फुकट म्हणजे आकाशातून पडलेले नव्हे. तेल, साबण घेताना आपणच कर भरतो.

दोनशे रुपये ठेवले तर उगाच बोलावणारे थांबतील, असे आपल्यातल्या शिकलेल्या भगिनी म्हणतात. मला तसे वाटत नाही. थट्टेने फोन करणारा पैसे देणारच नसतो. थांबेल ती हिशेबी बाई. आपल्यापैकी कितीजणींच्या हातात रात्री दोन वाजता स्वतःचे दोनशे रुपये असतात? घरातल्या पुरुषाला उठवून विचारावे लागते, आणि सासूला किंवा स्वतःला दुखत असेल तर आपण सकाळपर्यंत थांबतो. थांबण्याची आपल्याला लहानपणापासूनची सवय आहे.

गाडी उशिरा येते ही तक्रार मात्र खरी आहे. मग खासगी गाडी शोधावी लागते. २०२० च्या साथीत अशा काही गाड्यांनी कसे अवाच्या सवा पैसे घेतले ते आपण पाहिले. शेवटी सरकारला दर ठरवून द्यावे लागले. गाड्या वाढवायच्या तर पैसा लागणार, आणि त्यासाठी कर थोडा वाढला तर मी कुरकुरणार नाही. (घरी हे सांगितले तर यजमान रागावतील.)

सासूबाई पुढच्या रांगेत बसल्या आहेत. त्यांना आता जिना चढवत नाही, म्हणूनच यंदाची सभा माडीवर न घेता येथे तळमजल्यावर घेतली. इकडे परत आल्यावर दोन वर्षांनी त्यांच्या छातीत पुन्हा दुखले. तेव्हाही त्या पहाटेपर्यंत बोलल्या नाहीत. शेवटी १०८ ला फोन केला, गाडी आली. उतरताना त्यांनी डॉक्टरांचा हात धरून विचारले, "बिल कधी येईल हो?" बिल येत नाही, असे डॉक्टरांनी सांगितले, तरी त्या महिनाभर पोस्टमनची वाट पाहत होत्या.

जिन्याखाली तो क्रमांक रंगवून घ्यावा आणि खाली 'पैसे पडत नाहीत' असे ठळक अक्षरांत लिहावे, एवढी माझी मंडळाला विनंती आहे. रंगाचा खर्च मी देईन. सासूबाई हाताने पुरे म्हणून खुणावत आहेत. बसते.