खांद्याला वळण लावताना



आपल्या नंदुरबारला हंगामात मिरचीच्या पथाऱ्या पसरतात. पोती उचलणाऱ्या एखाद्या गड्याचा खांदा एकदा निखळला, की पुढे हात वर न्यायचीही त्याला धास्ती वाटते. हात थांबला की मजुरी थांबली. शेजारीपाजारी सांगतात, "दंड-बैठका काढ, ताकद आण." हा सल्ला अपुरा आहे, आणि घाई केली तर घातकही.

मांडीचे हाड खोल वाटीत बसलेले असते. दंडाच्या हाडाचा गोळा मात्र उथळ बशीला टेकलेला. पणतीवर पेरू ठेवावा तसा. म्हणून तर हात चहूकडे फिरतो, आणि म्हणूनच मोठ्या सांध्यांत खांदा सर्वांत अधिक वेळा निखळतो. गोळ्याला चार लहान स्नायू वेढून धरतात. शिवाय ती बशी ज्याच्या टोकाला आहे तो खवाटाही फिरतो. हात सरळ डोक्यावर न्यायला 180 अंश लागतात. त्यांतले सुमारे 60 खवाट्याचे.

आता गंमत पाहा. निरोगी माणूस हात उचलतो तेव्हा हे लहान स्नायू मोठ्यांच्या किंचित आधी जागे होतात. हा हुकूम मेंदूचा. हात कुठे आहे याची खबर सांध्यातून मेंदूला सतत जात असते. सांधा निखळला की त्याची बंधने ताणतात, फाटतात. खबर अंधुक होते आणि हुकूम उशिरा सुटतो. नुसता दंड फुगवून तो वेळेवर सुटेलच असे नाही.

शिक्षक बंधुभगिनींना हे चटकन पटेल. पाटीवर अक्षर गिरवणारे पोर जीभ बाहेर काढून सबंध अंग ताणते. पुढे अक्षराला वळण लागते ते काही मनगटाचे बळ वाढले म्हणून नव्हे!

खांद्याचेही असेच गिरवायचे असते. मात्र डॉक्टरांनी परवानगी दिल्यावरच, बरं का. तळवा भिंतीला टेकून, हलका भार देत लहान लहान वर्तुळे काढावीत. ते साधले की गुडघे व तळहात जमिनीला टेकून भार या हातावरून त्या हातावर न्यावा. खांदे कानाकडे चढू देऊ नयेत. मग अर्धा भरलेला तांब्या, पाणी हिंदकळू न देता, छातीपर्यंत उचलावा. शेवटी हेच डोळे मिटून, म्हणजे मेंदूला सांध्याच्या खबरीवरच विसंबावे लागते. रोज थोडे, पण सावकाश. दुखले की थांबावे. यात आठवडे जातात, कधी महिनेही.

आपल्या आखाड्यातील मुद्गल याच जातीचे. ते पाठीमागे फिरते तिथे नजर पोचत नाही. एकोणिसाव्या शतकात इंग्रज लष्करी अधिकाऱ्यांनी हा व्यायाम विलायतेला नेला. 1904 आणि 1932 च्या ऑलिंपिकमध्ये त्याची स्पर्धाही झाली. पण दुखऱ्या खांद्याला मुद्गल ही अगदी शेवटची पायरी.

फाटलेले बंधन मात्र व्यायामाने शिवले जात नाही. ऐन तारुण्यात खांदा निखळला तर तो पुन्हा निखळण्याचा संभव बराच असतो आणि काहींना शस्त्रक्रिया लागते. शाळेच्या मैदानावर कबड्डीत एखाद्या मुलाचा खांदा निसटला, तर कोणालाही तो ओढून बसवू देऊ नका. हात आहे त्या स्थितीत झोळीत अडकवा, बोटांना मुंग्या किंवा बधिरपणा आहे का विचारा, आणि तडक रुग्णालय गाठा.